पट्टीबाईंचा पांढरा कोट

पट्टीबाईंच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते अर्ध्या वाटी मिठावरून. पोटात दुखलं म्हणजे औषधानं बरं होणारं ते दुखणं नव्हे. तसं असतं तर बाईंकडे कपाटभर गोळ्या होत्या. हे दुखणं शेजारच्या खोलीतलं हसू ऐकून उठलं होतं, आणि त्यावरचा इलाज कुठल्याही नर्सला कुणी शिकवलेला नसतो.

वस्तीच्या त्या टोकाला एका रांगेत तीन खोल्या होत्या, मधे पत्र्याच्या भिंती. पहिल्या खोलीत पट्टीबाई. मोठ्या हॉस्पिटलातली कायमची नोकरी सोडून त्या चर्चच्या मंडळीच्या वतीनं, प्रभूची सेवा म्हणून इथे आल्या होत्या. येऊन-जाऊन करायला नव्हे, राहायला, याचा त्यांना अभिमान होता. तो त्या बोलून दाखवत नसत, पण पाठ ताठ ठेवून चालत. खोलीचा पुढचा अर्धा भाग दवाखाना, मागचा अर्धा घर. सकाळ झाली की दारात माणसं बसलेली असायची. पायात खिळा घुसलेला गवंडी, हात भाजलेला भट्टीवाला, कान फुटलेलं एखादं पोर. बाई धुवून, पुसून, पट्टी बांधून एकेकाला वाटेला लावायच्या. त्यांचं खरं नाव विचारायची वस्तीत कुणाला गरज पडली नाही. पट्टीबाई म्हटलं की काम भागत होतं.

मधल्या खोलीत इस्त्रीवाली मावशी. दारातच टेबल, त्यावर जाड घोंगडी, कोळशाची इस्त्री आणि बाजूला अख्ख्या वस्तीच्या कपड्यांचा ढीग. वर्षानुवर्षं उभं राहून तिच्या घोट्यापाशी एक जखम झाली होती. भरत आली की पुन्हा चिघळायची. बाई रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तीच जखम धुवायच्या. मावशी पाय पुढे करायची आणि भिंतीकडे बघत बसायची, एक शब्द न बोलता. दुखत असेल, बाई मनात म्हणायच्या, आणि हात आणखी हलका करायच्या. दिवसभरात शेकडो माणसं भेटली तरी बाई स्वतःची मानायच्या ती ह्या एका न बोलणाऱ्या मावशीलाच. तिनंही आपल्याला आपलं मानावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं ती मानतेच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

तिसरी खोली बरेच दिवस रिकामी होती. पोरांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी मंडळीनं तिथे एक तरुण मुलगी पाठवली, आणि दुखणं सुरू झालं.

मुलगी आली ती अर्धं सामान विसरूनच. पहिल्याच संध्याकाळी तिनं पट्टीबाईंचं दार वाजवलं.

"ताई, काडेपेटी आहे का? आणायचीच राहिली."

बाईंनी काडेपेट्यांचा अख्खा पुडा काढून तिच्या हातात ठेवला. "ठेव तुला. परत द्यायची काही गरज नाही."

मुलगी "बरं" म्हणाली आणि गेली. आता तिला परत यायचं कारणच उरलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे मीठ मागायला गेली. मावशीनं अर्धी वाटी मीठ दिलं आणि वर दम भरला, "उद्या वाटी परत पाहिजे, मीठ घालून. मी इथे धर्मशाळा उघडलेली नाही." दुसऱ्या दिवशी वाटी आली, मीठ राहिलं. पुढच्या वेळी वाटीत मीठ आहे म्हणून जे आलं, ती साखर निघाली. मावशी जी हसायला लागली ती थांबेचना. पत्र्याची भिंत थरथरली.

भिंतीच्या अलीकडे बाई पट्ट्यांसाठी कापड फाडत बसल्या होत्या. मावशीला असं हसता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मुलीचं नाव वस्तीत पडलं उसनी. काय उसनं मागायची नाही ती! बादली, छत्री, झाडू, सुईदोरा. एकदा तर चर्चच्या पाळकसाहेबांना भेटायला जाताना शिवणवालीच्या चपला पायात घालून गेली आणि परत येताना एकीचा पट्टा तोडून आली. लोक तिच्यावर वैतागायचे, ओरडायचे, आणि ओरडता ओरडता तिला आत बोलावून चूल कशी पेटवायची, नळावर नंबर कसा लावायचा, ते दाखवायचे. जिच्या दारात जाईल तिथे ती बसायची, समोर येईल तो चहा प्यायची, आवडलं तर आणखी मागायची. महिना सरला नाही तोच वस्तीतली प्रत्येक बाई तिला "अगं ए" म्हणून हाक मारायला लागली. पट्टीबाई आल्या की मात्र त्याच बाया उठून उभ्या राहायच्या आणि पाट पुसून पुढे करायच्या.

बाईंना आधी वाटलं, हा मान आहे. मग त्यांना तो पाट डोळ्यात खुपायला लागला.

त्यांचंही खरं होतं म्हणा. इथे येताना जुन्या पाळकांनी त्यांना बजावलं होतं, "द्यायला चाललीस, घ्यायला नाही. गरिबाच्या ताटातला घास उचलायचा नाही." बाईंनी ते शब्द गाठीला बांधून ठेवले. वस्तीत कुणाकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. आग्रह झाला तर "आत्ताच घेतलं" म्हणून सांगायचं. आपलं पाणी आपण भरायचं, आपलं भांडं आपण घासायचं. अंगावरचा पांढरा कोटही त्या स्वतः धुवायच्या आणि मागच्या खोलीत स्टुलावर चादर टाकून लहानशा विजेच्या इस्त्रीनं स्वतःच त्याला इस्त्री करायच्या. मावशीकडे टाकला असता तर तिनं पट्टीची जाण ठेवून मोबदला घेतलाच नसता, आणि गरिबाचे कष्ट फुकट घेणं बाईंच्या बुद्धीला पटत नव्हतं. नर्सिंग त्यांना उत्तम यायचं. इस्त्री अजिबात यायची नाही. कॉलरचं एक टोक कायम वर, एक खाली, आणि पाठीवर अशी चुणी की कोट घालूनच झोपल्या होत्या असं वाटावं.

एके सकाळी नळावर उसनी भेटली. हातात मावशीची बादली.

"ताई, बरं झालं ना! मावशीचा रुसलेला मुलगा बोलायला लागला पुन्हा. काल फोन आला होता. ती तर रडायलाच लागली. तुम्हाला सांगितलंच असेल तिनं."

"हो तर," बाई म्हणाल्या.

मावशीला मुलगा आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. ज्या बाईचा पाय आपण रोज मांडीवर घेतो, तिला मुलगा आहे, तो रुसला होता, तो परत बोलला, हे सगळं काल आलेल्या ह्या पोरीनं आपल्याला सांगावं! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बादली निम्मी भरली होती तशीच उचलून त्या चालू लागल्या.

त्या सकाळी पट्टी करताना त्यांनी मुद्दाम विचारलं, "मावशी, घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे की," मावशी भिंतीला म्हणाली.

प्रार्थनेला बसल्या तरी बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रभू, त्या मुलीला समज दे, अशी सुरुवात व्हायची आणि बघता बघता प्रार्थनेचं गाऱ्हाणं व्हायचं: हिला साधी जखम धुता येत नाही, हिला मीठ आणि साखर यातला फरक कळत नाही, मग लोक हिच्यावरच का जीव टाकतात? मी काय कमी केलं? लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की शेजाऱ्याच्या मालकीच्या कशाचाही लोभ धरू नये. शेजारणीच्या शेजारणीचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि पलीकडून, दोन पत्र्यांच्या मधून, हसू येतच होतं.

शेवटी बाई पाळकसाहेबांकडे गेल्या. हे नवे पाळक, वयानं लहान, बाईंना बघितलं की खुर्ची सोडून उठणारे. त्यांच्यासमोर बाईंनी विषय अगदी काळजीच्या सुरात काढला.

"मुलगी मनानं चांगली आहे हो. पण गरिबांकडून घेते. रोज घेते. त्यांच्या घरी जेवते. आपण इथे सेवेला आलोय की पाहुणचाराला, असं लोक म्हणतील. आपल्या वागण्यातून प्रभूची जी साक्ष द्यायची, तिला बट्टा लागतो."

लोक असं काही म्हणत नव्हते. म्हणत होत्या त्या बाईच.

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार," पाळकसाहेब गंभीर झाले. "रविवारची उपासना तुमच्या खोलीत आहे ना? झाली की तिथेच विचारतो. असंच निघालं तर तिला शहरातल्या वसतिगृहावर पाठवून देऊ. तिकडे माणूस हवाच आहे."

परत येताना बाईंना आधी अगदी हलकं वाटलं. गल्लीच्या तोंडाशी उसनी समोर आली आणि चेहरा बघून म्हणाली, "ताई, डोकं दुखतंय का? चहा टाकू?" बाई "आत्ताच घेतला" म्हणाल्या आणि भराभर पुढे गेल्या. तेव्हापासून रविवारपर्यंत काही त्यांना धड जेवण गेलं नाही. पण पाळकांकडे परत जाऊन शब्द मागे घ्यावा, एवढंही त्यांच्याच्यानं झालं नाही. रात्री ठरवायच्या आणि सकाळी पलीकडून हसू आलं की बेत रद्द.

रविवारी उपासना झाली. औषधाचं कपाट, बाकं, खिळ्याला टांगलेला बाईंचा पांढरा कोट, आणि दाटीवाटीनं बसलेली वस्तीतली माणसं. वस्तीतले सगळेच काही ख्रिस्ती नव्हते; काही जण गाणी ऐकायला यायचे, आणि मावशी पाय टेकायला बाक मिळतं म्हणून यायची. शेवटची प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

"एक विचारायचं आहे," ते उसनीला म्हणाले. "तू इथल्या लोकांकडून वस्तू घेतेस, जेवतेस, असं कानावर आलंय. खरं आहे?"

उसनीचा चेहरा पडला. "खरं आहे," ती म्हणाली. "छत्री तर अजून माझ्याकडेच आहे. आणि शिवणवालीच्या चपलेचा पट्टा."

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत.

"आपण इथे द्यायला आलोय. ह्या बाईंकडे बघ. इतकी वर्षं राहिल्या, कुणाच्या घरचा घोटभर चहा घेतला नाही. तुला वसतिगृहावर पाठवावं असं मला वाटतंय."

 बाई कपाटाच्या मुठीकडे बघत राहिल्या. हेच तर हवं होतं त्यांना. 

मग बाक करकरलं. मावशी उठून उभी राहिली होती, दुखरा पाय जरा वर धरून.

"पोरीला पाठवायचं तर पाठवा, तुमची पोर आहे," ती म्हणाली. "पण आधी माझं पातेलं परत द्यायला सांगा. आणि ती गेल्यावर मी ओरडू कुणावर, तेही सांगा. माझ्या दाराशी येऊन 'मावशी, दे ना गं' म्हणणारं आता दुसरं कुणी नाही."

"पण मावशी," पाळकसाहेब समजावायला लागले, "बाईंनी कधी तुमच्याकडून काही..."

"नाही घेतलं. खरं आहे. काही म्हणजे काही नाही घेतलं." मावशीनं खिळ्याकडे बोट केलं. "तो कोट बघा."

सगळ्यांनी कोटाकडे बघितलं. कॉलरचं एक टोक वर होतं, एक खाली.

"मी इस्त्रीवाली. माझ्या नि त्यांच्या मधे एक पत्रा. आणि रोज सकाळी त्या ही अशी कॉलर घालून माझ्यासमोर बसतात. माझा पाय त्यांच्या मांडीवर आणि ती कॉलर माझ्या डोळ्यांसमोर. मी भिंतीकडे बघते. काय करणार? बघवत नाही."

आता मात्र लोक हसले. मावशीसुद्धा हसेल असं बाईंना वाटलं. ती हसली नाही.

"मी मनाशी म्हटलं, माझ्या पायातलं काय काय वाहतं ते ह्या रोज बघतात. रोग कसला ते ह्यांना माहीत, आपल्याला काय माहीत? त्यांना नको वाटत असेल स्वतःचा कोट माझ्या हाताखाली जायला. असेल बाबा. त्या माझ्याकडे कपडे का टाकत नाहीत ते गल्लीतल्या कुणाला कळलं नाही, तेवढं बरं. नाहीतर माझ्याकडे कपडे टाकले असते का कुणी?" ती खाली बसली. "म्हणून मी कधी विचारलं नाही."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. हात पुढे करून त्या काहीतरी म्हणायला गेल्या, आणि काय म्हणणार? तसं काही नव्हतं, तुमच्या जखमेची मला कधी किळस आली नाही, मला तुमचे कष्ट फुकट नको होते. हे सगळं खरं होतं आणि ह्या घडीला त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. इतकी वर्षं ती भिंतीकडे बघत होती ती दुखण्यानं नव्हे. आपण हात हलका करत होतो, आणि तिला लागत होतं ते भलतीकडेच.

"पाळकसाहेब," बाई म्हणाल्या.  "तुमच्या कानावर जे आलं ते मीच घातलं. काळजी वगैरे काही नव्हती. माझ्या पोटात दुखत होतं. हिला सगळे जवळ करतात आणि मला पाट पुसून देतात, ते मला बघवेना. हिला कुठे पाठवू नका."

एवढं बोलून त्या खाली बसल्या, बाक नसलेल्या जागी, थेट जमिनीवर.  शेवटी पाळकसाहेबांनी पुन्हा एकदा प्रार्थना म्हटली आणि कुणालाच कुठे न पाठवता ते निघून गेले.

बाई संध्याकाळी उसनीच्या दाराशी गेल्या.

"मला क्षमा कर," त्या म्हणाल्या.

उसनीचे डोळे सुजले होते. "करीन, ताई," ती म्हणाली. "आज नाही." आणि तिनं दार लावून घेतलं. बाईंना ते रास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीबाई कोट घेऊन मधल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. कोट मुद्दाम धुवून, पिळून, चुरगाळलेलाच आणला होता. मावशीनं निखाऱ्यांवरची राख फुंकली.

"ठेवा तिथं. नंबर येईल तेव्हा येईल."

बाईंनी कोट ढिगावर ठेवला आणि त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. दवाखान्याच्या दारात माणसं जमायला लागली होती. पट्टीबाई इस्त्रीच्या रांगेत बसल्यात हे बघून एकेक जण माना वळवत होता. मावशीनं ढिगातून पहिला कपडा उचलला. उसनीचा सदरा. बाईंनी तो लगेच ओळखला, आणि इतकं सगळं होऊनही पोटात एक बारीकशी कळ उठलीच. हिचा नंबर आधी! मावशीनं पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली, सदऱ्याची घडी घातली.

सदरा न्यायला उसनी आली. बाकावर बाईंना कोटाशिवाय बसलेलं बघून ती क्षणभर थबकली.

"तुमचा नंबर माझ्या मागे आहे होय?" ती म्हणाली. ओठ घट्ट मिटून ठेवायचा तिनं प्रयत्न केला, पण तिचं हसू तिचं कधी ऐकतच नसे.

"तुझ्याही मागे आणि गवंड्याच्या विजारीच्याही मागे," बाई म्हणाल्या.

उसनी सदरा घेऊन गेली. अजून क्षमा केली नव्हती. पण दार उघडं ठेवून गेली.

कोटाचा नंबर आला. मावशीनं तो उजेडात धरला, कॉलर उलटी केली आणि आतला करपलेला डाग बघून कपाळावर हात मारून घेतला.

"हे काय केलंय! अहो, जाळायचाच होता तर चुलीत घालायचा. ही काय इस्त्री म्हणायची? लाज वाटायला पाहिजे."

आजवर वस्तीत बाईंना कुणी असं बोललं नव्हतं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मावशी बोलतच होती. बाह्यांना बोलली, खिशाला बोलली, पाठीवरच्या चुणीला तर काय काय बोलली. कोट टेबलावर सरळ झाला तशी बाईंचा हात सवयीनं पर्सकडे गेला. मावशीनं इस्त्री उचलून धरली.

"तो हात आधी बाहेर काढा."

बाईंचा हात तसाच राहिला. फुकट घ्यायचं, एवढंच तर करायचं होतं, आणि जन्मात कुठलं काम त्यांना एवढं जड गेलं नव्हतं. त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला. मावशीनं कोट मागून धरला, बाईंनी बाह्या घातल्या. कॉलर अजून गरम होती, मानेला चटका बसत होता. बाईंनी ती सैल केली नाही.

मग त्या खाली बसल्या आणि मावशीचा पाय मांडीवर घेतला. जुनी पट्टी सोडली, जखम धुवायला घेतली. कापूस लावताना त्यांनी सवयीनं वर बघितलं. मावशी आज भिंतीकडे बघत नव्हती. कॉलरकडे बघत होती.

"मुलाचं काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"सांगते," मावशी म्हणाली. "आधी जरा चहा टाकायला सांगते पोरीला. घ्याल ना?"

बाईंच्या ओठांवर "आत्ताच घेतला" आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"घेईन," त्या म्हणाल्या. "साखर मात्र तुम्ही बघून घाला."